गाडीतलं कपाट घरातल्या कपाटासारखं का करता येत नाही?

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा तालुक्यात माळेगाव लागतं. मार्गशीर्षात इथं खंडोबाची यात्रा भरते. पूर्वी लोक बैलगाडीत संसार घालून यायचे, आता टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून येतात. पिठाचा डबा, तिखट-मीठ, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळं गाडीत. पंढरीच्या वाटेवर दिंडीमागं चालणाऱ्या ट्रकचंही तेच. म्हणजे गाडीत चार दिवसांचं घर थाटणं मराठवाड्याला काही नवं नाही.

नवं आहे ते हे घर गाडीत कायमचं बसवणं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि कॅम्पर व्हॅन हा शब्द गावागावांत पोचला. जुनी व्हॅन किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आत झोपायची फळी, छोटा ओटा आणि कपाटं करायची, मग माहूर, किनवट, सहस्रकुंड, औसा, उदगीर असं मनाला येईल तिकडं निघायचं. तयार कॅराव्हॅन परवडत नाही, म्हणून ओळखीच्या सुतार मिस्त्रीला बोलावलं जातं. मिस्त्री हाताचा चांगला असतो, त्याने शेकडो घरांची कपाटं केलेली असतात. तो तेच कपाट थोडं लहान करून गाडीत बसवतो.

घोळ होतो तो इथंच. घरातलं कपाट भिंतीला टेकून वीस वर्षं उभं राहतं, त्याला कुणी हलवत नाही. गाडीतल्या कपाटाला रोज हजारो धक्के बसतात, ते वळणावर झुकतं, ब्रेक लागला की पुढं धावायला बघतं आणि उन्हात भट्टीसारखं तापतं. म्हणून ते करताना लाकूड, जोडणी, बिजागरी, कडी या सगळ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तो कसा, ते एकेक करून बघू.

सगळ्यात आधी: कायदा काय म्हणतो?

मिस्त्रीला बोलावण्याआधी आरटीओची पायरी चढा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी पुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. कारखान्याने गाडी जशी ठरवली आणि जशी नोंदली गेली, तशीच ती राहिली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कपाटाचा आणि याचा संबंध कुठं येतो? तो येतो सीटांपाशी. कपाटाला जागा करायची म्हणून मागच्या सीटा काढल्या की गाडीची आसनसंख्या बदलते, आणि ती आरसीवर छापलेली असते. राहण्याच्या सोयीची गाडी म्हणजे मोटार कॅराव्हॅन, आणि तिच्यासाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. त्यामुळे सीटा काढायच्या असतील किंवा ओटा, गॅस, पलंग कायमचे बसवायचे असतील, तर एमएच-२६ ची गाडी असेल तर नांदेडच्या आणि एमएच-२४ ची असेल तर लातूरच्या कार्यालयात आधी विचारा, आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर कंपनीला गाडीत न कळवलेला बदल सापडला, तर दाव्यावर वाद उभा राहतो.

सीटा जागेवर ठेवून मागच्या सामानाच्या जागेत आत-बाहेर काढता येणारी पेटी केली, तर ही भानगड बरीच कमी होते. पहिल्यांदा करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. मात्र पुढं सांगितलेले सगळे नियम त्या पेटीलाही लागू पडतात.

वजन: कपाट रिकामं असतानाच किती भरतं?

घरात कपाटाचं वजन कुणी विचारत नाही. गाडीत पहिला प्रश्न तोच विचारायचा.

चार फूट लांब, दीड फूट खोल आणि अडीच फूट उंच असं एक कपाट धरू. मध्ये एक उभी फळी, एक आडवा खण, मागं पाठ, पुढं दारं. सगळ्या फळ्या मोजल्या तर साधारण ४९ चौरस फूट प्लाय लागतो, म्हणजे आठ बाय चारच्या दीड शीट. घरच्या सवयीने मिस्त्री १८ मिलिमीटरचा प्लाय आणतो. त्याची एक शीट सुमारे ३५ किलोची असते. म्हणजे एक डबाही ठेवण्याआधी कपाट ५३ किलोचं झालं. दोन्ही बाजूंना १ मिलिमीटरचा सनमायका लावला की आणखी १२-१३ किलो वाढतात. गाडीत एक माणूस कायमचा बसवल्यासारखंच झालं ते, आणि तो कधी उतरत नाही.

तेच कपाट १२ मिलिमीटरच्या प्लायचं केलं आणि पाठीला ६ मिलिमीटर लावला, तर वजन ३२ किलोच्या आसपास येतं. वीस-एकवीस किलो वाचले. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. म्हणजे तेवढ्या वजनात वीस लिटरचा पाण्याचा कॅन सोबत नेता येतो.

मग पातळ प्लाय लवचणार नाही का? लवचतो, पण त्यावर उपाय जाड फळी हा नाही. फळीच्या पुढच्या कडेला इंचभर उभी पट्टी लावली की १२ मिलिमीटरची फळी डब्यांचं वजन आरामात पेलते. पाठीचा ६ मिलिमीटरचा तुकडा चारही कडांना गोंद आणि स्क्रूने बसवला की तो अख्ख्या कपाटाला तिरकं होऊ देत नाही. घराच्या कपाटात पाठ धूळ अडवायला असते. गाडीत ती कपाटाचा कणा असते, म्हणून ती खिळ्यांवर भागवू नका.

सगळं धरून एकूण वजन किती चालेल, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. गाडीचं पूर्ण भरलेलं कमाल वजन घ्या आणि त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरेल त्यात माणसं, पाणी, गॅस, बॅटरी, अंथरूण आणि कपाटं हे सगळं बसलं पाहिजे. काम झाल्यावर गाडी वजनकाट्यावर नेऊन खात्री करा. मोंढ्याजवळ किंवा साखर कारखान्याच्या वाटेवर काटा असतोच.

वजन कुठं ठेवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मध्ये ठेवा, डाव्या-उजव्या बाजूला सारखं वाटून ठेवा. मागच्या चाकांच्याही मागं जास्त वजन गेलं तर गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. वरच्या कपाटात कपडे, टॉवेल, पोह्यांची पिशवी एवढंच ठेवायचं. डोक्यावर जड वजन आणि खाली कच्ची जोडणी असली तर काय होतं, हे लातूरकरांना सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदं माणसांवर कोसळली. जमीन हलली की जितकं वजन जास्त, तितका त्याचा धक्का मोठा. चालत्या गाडीत जमीन रोजच हलत असते.

ब्रेक लागला की काय होतं?

गाडी थांबते, पण आतलं सामान आपल्या वेगाने पुढं जायला बघतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर वस्तूला पुढं ओढणारा जोर तिच्या वजनाच्या सुमारे पाऊणपट असतो. कपाट ३२ किलोचं आणि आत २० किलो सामान धरलं, तर ब्रेकच्या वेळी चाळीसेक किलोचा जोर पुढच्या बाजूला येतो. चार चांगले स्क्रू तेवढा सांभाळून घेतात.

टक्कर झाली तर हिशेब फार वेगळा होतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी समोरच्या वस्तूवर आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर त्या क्षणी प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. शाळेतल्या गतीच्या सूत्राने कुणीही हे पडताळून बघू शकतं. आपलं ५२ किलोचं भरलेलं कपाट त्या क्षणी एक टनाच्या जोराने पुढं निघतं, आणि पुढं ड्रायव्हर बसलेला असतो. दोन किलोचा सुटा कुकरसुद्धा तेव्हा चाळीस किलोच्या जोराने येतो.

गाडीतलं कपाट बांधताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवायचा. दिसायला ते कसंही असो, सुटून पुढं येता कामा नये.

कपाट कशाला धरायचं?

घरात भिंतीत भोक पाडून गट्टू ठोकला की झालं. व्हॅनची भिंत म्हणजे मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. त्याला थेट स्क्रू मारला तर चार दिवस धरतो, मग हादऱ्यांनी भोक मोठं होतं, पत्रा फाटतो आणि पावसाचं पाणी आत येतं. पत्र्याच्या आतल्या बाजूला उभ्या-आडव्या पोकळ पट्ट्या असतात, त्या गाडीच्या फासळ्या. खरी ताकद तिथं आणि खालच्या तळात असते. कपाट धरायचं ते याच दोन ठिकाणी.

फासळी पोकळ असल्यामुळे आतून नट धरायला हात जात नाही. त्यासाठी रिव्हेट नट मिळतो. भोक पाडून तो आत सारायचा आणि हत्याराने दाबायचा. तो आतल्या बाजूला फुगतो आणि पत्र्याला घट्ट धरून बसतो. मग त्यात बोल्ट फिरवता येतो. भोक पाडलं की लगेच कडेला गंजरोधक प्रायमर लावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

तळातून बोल्ट आरपार न्यायचा असेल तर आधी गाडीखाली झोपून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग, गॅसकिट असेल तर त्याची टाकी, यातलं काहीही त्या जागी नको. सीटबेल्ट जिथं गाडीला बसतो त्या जागेला आणि त्याच्या खांबाला हात लावायचा नाही. बाजूला एअरबॅग असेल तर तिची जागाही सोडायची.

एक गोष्ट मिस्त्रीला मुद्दाम सांगावी लागते. आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट सहसा तुटत नाही, तुटतं ते त्याच्याभोवतीचं लाकूड, किंवा पत्रा फाटतो. म्हणून बोल्टखाली मोठा वॉशर किंवा लोखंडी पट्टी द्या, म्हणजे जोर मोठ्या जागेवर पसरतो. नट नायलॉनच्या कड्याचा घ्या, तो हादऱ्याने फिरून सैल होत नाही. आपल्या कपाटाला वर चार आणि खाली चार असे आठ जोड दिले, तर एक टनाचा जोर प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलोत वाटला जातो. दोनच जोड असते तर प्रत्येकाला अर्धा टन पेलावा लागला असता.

माप घेताना पाणसळ बाजूला का ठेवायची?

सुतारकामात ओळंबा, पाणसळ आणि गुण्या ही तीन साधनं म्हणजे शेवटचा शब्द. गाडीत यातली पहिली दोन फसवतात. गाडी उभी असते ती जमीनच सपाट नसते, शिवाय डिझेल किती आहे, टायरमध्ये हवा किती आहे, यावरही ती झुकते. पाणसळीने सरळ केलेलं कपाट मग खिडकीच्या कडेशी वाकडं दिसतं. गाडीत गाडीचा तळ हीच सपाट जमीन मानायची आणि सगळी मापं तिथून घ्यायची. गुण्या मात्र कपाटाच्या कोपऱ्यांसाठी लागतोच.

दुसरी अडचण अशी की व्हॅनमध्ये एकही भिंत सरळ नसते. बाजू वर जाताना आत कलते, मधे फुगते, चाकावर उंचवटा येतो. टेपने माप घेऊन कापलं तर एका टोकाला बोटभर फट पडते. यावर जुनी आणि फुकटातली युक्ती आहे. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीच्या भिंतीला जमेल तितका जवळ उभा धरायचा. दोन इंचांचा लाकडी ठोकळा घ्यायचा, त्याला पेन्सिल चिकटवायची आणि ठोकळा भिंतीला टेकवून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. भिंत जिथं आत-बाहेर होते तिथं रेघही आत-बाहेर होते. त्या रेघेवर पुठ्ठा कापून बघायचा, नीट बसला तरच प्लायला करवत लावायची. पुठ्ठा दोनदा वाया गेला तरी चालतं, प्लाय जाऊ नये.

आणि कपाट पत्र्याला चिकटवून बसवू नका. मधे बोटभर जागा ठेवा. थंडीत रात्री माणसं आत झोपली की श्वासातली वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन साचते. हवा खेळली नाही तर कपाटाच्या पाठीला बुरशी येते. पाठीत आणि खणांत चार-चार भोकं ठेवली तर आतले कपडेही कुबट होत नाहीत.

सागवान, प्लाय की एमडीएफ?

नांदेड जिल्ह्यात किनवटच्या जंगलाचा साग नावाजलेला. त्यामुळे घरातली मोठी माणसं हमखास म्हणतात, प्लाय कशाला, सागवान लावा. साग खरोखर चांगला. त्यात अंगचं तेल असतं, किडा सहसा लागत नाही, आणि इतर लाकडांच्या मानाने तो ओल-कोरड्यात कमी फुगतो-आकसतो. पण कमी म्हणजे शून्य नाही. कुठलंही अखंड लाकूड रुंदीत हलतंच. मराठवाड्यात मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दीड फूट रुंद सागाची फळी चारही बाजूंनी घट्ट बांधली तर उन्हाळ्यात चिरते. म्हणून सागवान वापरायचं ते पट्ट्यांत: चौकट, दाराची कड, कोपऱ्यातले आधार. रुंद भागांना प्लाय. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक थर हलायला बघतो तेव्हा दुसरा त्याला धरून ठेवतो.

सागवान घेताना परवानाधारक वखारीतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. साग नेता-आणताना वनविभागाचा वाहतूक परवाना लागू शकतो, त्यामुळे गावाकडून कुणी स्वस्तात देतो म्हणून कापलेला माल गाडीत टाकू नका.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का बघा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण कामाचा प्लाय. आयएस ७१० हा मरीन प्लाय, उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा. ओट्याखाली आणि पाण्याच्या टाकीजवळ ७१० वापरा. बाकी ठिकाणी ३०३ मधला पाण्याला टिकणारा प्रकार चालतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड दिसायला गुळगुळीत आणि स्वस्त असतात, पण गाडीत नकोत. ते प्लायपेक्षा जड असतात, पाणी लागलं की फुगतात आणि हादऱ्यांनी त्यातला स्क्रू भुसा होऊन बाहेर येतो.

पातळ प्लायला एकाच बाजूला सनमायका लावून दुसरी बाजू कोरी ठेवू नका. दोन बाजू वेगवेगळ्या ओढतात आणि दार पापडासारखं वाकतं. लावायचाच तर दोन्हीकडं लावा. वजन वाचवायचं असेल तर दोन्ही बाजूंना पॉलिश किंवा रंग पुरतो.

आपल्याकडचं ऊन आणि गोंद

कॅम्पर व्हॅनचे व्हिडिओ बघून काम करताना ही गोष्ट विसरली जाते, कारण ते बहुतेक थंड देशांतले असतात. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की उन्हात बंद उभ्या गाडीत ६० अंशांच्या आसपास तापमान जातं. पटकन चिकटणारा रबरी गोंद एवढ्या तापाला सैलावतो आणि सनमायकाची कड उचलली जाते. नेहमीचा पांढरा गोंदही तापला की नरम पडतो. म्हणून गाडीत एकही जोड नुसत्या गोंदावर सोडायचा नाही, गोंदासोबत स्क्रू हवाच.

स्क्रू प्लायच्या कडेत थेट मारला तर थर फाकतात. कोपऱ्यात आतून इंचभर जाड सागाची पट्टी ठेवा आणि दोन्ही फळ्या त्या पट्टीत स्क्रूने आवळा. खिळा वापरू नका. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळून बसतात, त्यामुळे डांबर नवं असलं तरी गाडी हलत राहते. त्या हादऱ्यांनी खिळा हळूहळू वर येतो.

प्लायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो. नव्या फर्निचरला येणारा, डोळ्यांना झोंबणारा वास त्याचाच असतो. उष्णतेत तो जास्त निघतो, आणि व्हॅनसारख्या छोट्या जागेत माणूस रात्रभर तोच श्वासात घेतो. कमी वायू सोडणारा प्लाय मागा, कापलेल्या सगळ्या कडा पॉलिशने किंवा पट्टीने बंद करा, आणि काम झाल्यावर आठ-दहा दिवस गाडीची दारं उघडी ठेवून मगच मुलाबाळांना आत झोपवा.

दारं, ड्रॉवर आणि कड्या

घरातल्या कपाटाची दारं चुंबकावर किंवा बिजागरीच्या स्प्रिंगवर बंद राहतात. गाडीत पहिल्याच वळणावर ती उघडतात आणि डाळीचा डबा खाली येतो. इथं हाताने उघडल्याशिवाय न उघडणारी कडी हवी. बटण दाबलं की मूठ बाहेर येते आणि पुन्हा दाबलं की दार अडकतं, अशा पुश लॉकच्या कड्या चांगल्या. नाही मिळाल्या तर साधी पितळी कडी किंवा टॉवर बोल्टही चालतो.

बिजागरी दाराच्या पूर्ण लांबीची, म्हणजे पियानो बिजागरी, घेतली तर वजन दहा-बारा स्क्रूंवर पसरतं. आतल्या बाजूला बसणाऱ्या कपासारख्या बिजागऱ्या हादऱ्यांनी ढिल्या होतात. वरच्या कपाटांचं दार खालून वर उघडणारं करा आणि त्याला आधाराची दांडी द्या.

ड्रॉवरचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवू नका, ब्रेक लागला की तो बाहेर येईल. तोंड मधल्या वाटेकडं असेल तर तो वळणावर सरकतो, म्हणून तिथंही कडी लागते. ड्रॉवरच्या खालच्या चौकटीला अर्ध्या इंचाची उभी आड दिली आणि ड्रॉवर आधी उचलून मग ओढावा लागेल असं केलं, तर कडी विसरली तरी तो जागचा हलत नाही. खणांच्या पुढंही दोन इंचांची आडवी पट्टी ठेवा. भांड्यांच्या खाली रबराची जाळीदार चटई अंथरली की खडखडाटही थांबतो.

गॅसच्या कपाटाला वेगळे नियम

इथं काटकसर करू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता पाण्यासारखा खाली साचतो, आणि हवेत त्याचं प्रमाण दोनेक टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. त्यामुळे सिलिंडरचं कपाट राहण्याच्या जागेपासून पूर्ण बंद हवं आणि त्याच्या तळातून गाडीच्या बाहेर उघडणारी भोकं हवीत. त्या कपाटात दिवा, स्विच, बॅटरी, वायर काहीही नको. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने आवळलेला हवा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आसपास भरतो, वीसपटीच्या हिशेबात तो सहाशे किलोचा झाला. गाडीत पाच किलोचा छोटा बरा, आणि चालत्या गाडीत त्याची कळ बंद.

शेगडी गाडीच्या आत पेटवण्यापेक्षा मागच्या दाराशी बाहेर ओढता येणाऱ्या फळीवर पेटवली तर धोका खूपच कमी होतो. बंद गाडीत पेटत्या शेगडीने कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

कपाट कुठंही करा, पण आतून एक दार तरी कायम मोकळं उघडलं पाहिजे. आग विझवायचा छोटा सिलिंडर त्या दाराशी ठेवा. काही व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथं पोचायची वाट आणि जॅक-स्टेपनी काढायची जागा कपाटाने अडवू नका.

मिस्त्रीकडून काम करवून घेताना क्रम कोणता?

आधी आरटीओ आणि विमा. मग गाडीच्या पुस्तिकेवरून वजनाचा हिशेब. मग वायरिंग, कारण कपाट बसल्यावर मागं हात जात नाही. वायर जिथं लाकडातून किंवा पत्र्यातून जाते तिथं रबरी कडं आणि प्रत्येक लाइनला फ्यूज. मग पुठ्ठ्याचे साचे. साचे गाडीत उभे करून एकदा आत झोपून, वाकून, बसून बघा. गुडघा कुठं आपटतो ते तेव्हाच कळतं. मग प्लाय कापून कपाट बाहेर जोडा, पण दारातून ते आत जाईल ना, हे आधी मोजा. आत नेऊन फासळ्यांना आणि तळाला बोल्टने धरा. दारं आणि कड्या शेवटी.

काम संपलं की लगेच लांबच्या सहलीला निघू नका. कपाटात पाण्याच्या बाटल्या भरून गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या आणि ताशी तीसच्या वेगावर दोन-तीनदा जोरात ब्रेक लावून बघा. काय सरकलं, कुठं आवाज आला, कोणती कडी सुटली, ते लिहून घ्या. मग नांदेड-लातूर अशी एक फेरी करा आणि परत आल्यावर प्रत्येक नट-बोल्टला पाना लावून बघा. पहिल्या फेरीनंतर दोन-चार ढिले सापडतातच. ते आवळा, महिन्याने पुन्हा तपासा आणि पुढं दर पावसाळ्यानंतर एकदा. एवढं केलं की माहूरच्या घाटात शिरताना लक्ष मागच्या खडखडाटाकडं राहत नाही, समोरच्या वळणावर राहतं.